समुद्राच्या कार्बन-जमाखर्चाची पारख
संगणकीय प्रतिरूपांवर विश्वास किती ठेवावा?

हवामानातील बदल हा विषय आता केवळ शास्त्रज्ञांच्या परिषदांपुरता राहिलेला नाही. राज्यात २०२० साली सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने तो ग्रामपंचायतींच्या सभागृहांपर्यंत आणून पोहोचविला आहे. २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. अशा उद्दिष्टांमागे एक हिशेब असतो. हवेत कार्बन डायऑक्साइड किती सोडला, त्यातील किती हवेतच राहिला आणि किती अन्यत्र शोषला गेला, यावरून पुढील काळात किती उत्सर्जन परवडेल हे ठरते. या हिशेबातील एक मोठी रक्कम समुद्राच्या नावे मांडलेली आहे.

समुद्र पुढील पन्नास-शंभर वर्षांत किती कार्बन पोटात घेईल, हे कोणालाही प्रत्यक्ष मोजता येणार नाही. भविष्याचे मोजमाप नसते. त्यासाठी संगणकावर तयार केलेल्या समुद्राच्या प्रतिरूपांचा, म्हणजेच ‘मॉडेल’चा, आधार घ्यावा लागतो. साहजिकच, ही प्रतिरूपे कितपत खरी आहेत, त्यांची परीक्षा कोण घेतो व कशी घेतो, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. धोरणे आखणारे, ती राबविणारे आणि ती शाळेत समजावून सांगणारे अशा सर्वांशी तो निगडित आहे.

समुद्राचा वाटा

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. तथापि, मानवाने सोडलेला सर्व वायू हवेतच राहिला असता तर हा आकडा याहून बराच मोठा झाला असता. २०१३ ते २०२२ या दशकात मानवी व्यवहारांतून दरवर्षी सरासरी सुमारे ११ अब्ज टन कार्बन बाहेर पडला. त्यातील जवळपास निम्मा हवेत राहिला, सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे वर्षाला २.८ अब्ज टनांच्या आसपास, समुद्राने घेतला, तर उरलेला वने व जमीन यांनी शोषला. (हे आकडे केवळ कार्बनच्या वजनाचे आहेत. कार्बन डायऑक्साइडचे वजन याच्या सुमारे ३.६७ पट भरते.)

समुद्राच्या या कामगिरीबद्दल एकेकाळी फार मोठी आशा बाळगली जात असे. समुद्रात हवेच्या सुमारे पन्नास पट कार्बन साठलेला आहे, तेव्हा मानवाने सोडलेला थोडासा वायू तो सहज सामावून घेईल, अशी समजूत होती. १९५७ साली रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी या समजुतीला छेद दिला. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला वायू रासायनिक क्रियेने बायकार्बोनेट व कार्बोनेट या रूपांत जातो. या रसायनशास्त्राचा परिणाम असा की, हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा टक्क्यांनी वाढला तरी पृष्ठभागाच्या पाण्यातील एकूण विरघळलेला कार्बन केवळ सुमारे एक टक्क्याने वाढतो. समुद्राला खरोखर मोठी साठवण करावयाची असेल तर वरचे पाणी खाली गेले पाहिजे आणि खालचे वर आले पाहिजे. ही उलथापालथ अतिशय संथ असते. समुद्र कार्बन किती घेतो यापेक्षा तो खोलवर किती वेगाने नेतो, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रतिरूप म्हणजे काय?

समुद्राचे संगणकीय प्रतिरूप हे चित्र नव्हे किंवा लहान आकाराची प्रतिकृतीही नव्हे. तो समीकरणांचा संच असतो. सर्व महासागरांची काल्पनिक चौकटींमध्ये विभागणी केली जाते. पुष्कळशा जागतिक प्रतिरूपांत एका चौकटीची बाजू सुमारे शंभर किलोमीटर असते आणि पृष्ठभागापासून तळापर्यंत अशा चौकटींचे अनेक थर असतात. प्रत्येक चौकटीतील पाण्याचे तापमान, क्षारता, प्रवाह, पोषक द्रव्ये व कार्बन यांचे मूल्य टप्प्याटप्प्याने काढले जाते.

या गणितात कार्बनच्या दोन वाटा धराव्या लागतात. पहिली वाट भौतिक आहे. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो व कोमट पाण्यातून तो बाहेर पडतो. सोड्याची उघडी बाटली उन्हात ठेवली असता हाच अनुभव येतो. ध्रुवांजवळचे थंड व जड पाणी वायू घेऊन खाली बुडते. दुसरी वाट जैविक आहे. पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती-प्लवक सूर्यप्रकाशात कार्बन घेऊन वाढतात. त्यांचे व त्यांना खाणाऱ्या जीवांचे अवशेष खाली झिरपत जातात आणि खोल पाण्यात कुजून तेथे कार्बन सोडतात.

शंभर किलोमीटरच्या चौकटीत मावणार नाहीत अशा घडामोडी समुद्रात सतत चालू असतात. काही दहा किलोमीटर व्यासाचे भोवरे, किनाऱ्यालगत वर येणाऱ्या पाण्याचे अरुंद पट्टे, प्लवकांच्या शेकडो जाती यांच्याऐवजी प्रतिरूपात ठोकताळे घालावे लागतात. हे ठोकताळे प्रत्येक संशोधन-गटाचे वेगळे असतात. समुद्र एकच, भौतिकीचे नियम तेच, तरी उत्तरे भिन्न येतात याचे कारण येथे आहे.

नजर अंदाज आणि पीक कापणी

अशा वेळी कोणते उत्तर ग्राह्य मानावे? आपल्या वाचकांपैकी अनेकांना पीक पाहणीचा अनुभव आहे. हंगामात पिकाचा प्रथम नजर अंदाज घेतला जातो, परंतु उत्पादनाचा भरवशाचा आकडा पीक कापणी प्रयोगांतून मिळतो. निवडलेल्या शेतात मोजून तुकडा आखायचा, त्यातील पीक कापायचे, मळायचे व वजन करायचे. सर्व शिवार कापून मोजता येत नाही, म्हणून थोडी पण काळजीपूर्वक निवडलेली ठिकाणे अंदाजाची परीक्षा घेतात.

महासागरी प्रतिरूपांची पारख याच तत्त्वावर होते. प्रतिरूपाला गेल्या काही दशकांचे वारे व हवेतील वायूंचे प्रमाण पुरविले जाते आणि गतकाळातील समुद्र ‘पुन्हा घडवून’ दाखविण्यास सांगितले जाते. मग जेथे जहाजांनी प्रत्यक्ष पाणी काढून मोजले आहे, तेथील आकड्यांशी प्रतिरूपाचे आकडे ताडून पाहिले जातात. यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. ज्या मोजमापांच्या आधारे प्रतिरूप जुळवून घेतले, तीच मोजमापे पुन्हा परीक्षेसाठी वापरावयाची नाहीत. अगोदर दाखविलेली प्रश्नपत्रिका परीक्षेत देण्यासारखे ते होईल.

शोधक द्रव्यांची साक्ष

कार्बन खोलवर किती वेगाने जातो हे पडताळण्यासाठी केवळ कार्बन मोजून भागत नाही. खोल पाण्यात कार्बन मुळातच विपुल असल्याने मानवाने टाकलेली अल्पशी भर त्यातून वेगळी काढणे कठीण असते. म्हणून शास्त्रज्ञ ‘शोधक द्रव्यां’ची साक्ष काढतात. ही द्रव्ये पाण्याबरोबर वाहतात आणि ते पाणी पृष्ठभाग सोडून केव्हा खाली गेले याची खूण बाळगतात.

पहिला साक्षीदार म्हणजे कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी समस्थानिक. तो वातावरणात निसर्गतः तयार होतो व ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात त्याचे प्रमाण इतके घटलेले आढळते की, ते पाणी पृष्ठभाग सोडून हजार वर्षांहून अधिक काळ लोटला असला पाहिजे. याच समस्थानिकाची दुसरी, मानवनिर्मित लाट १९५० व १९६० च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांमुळे आली. उत्तर गोलार्धातील हवेत त्याचे प्रमाण तेव्हा जवळजवळ दुप्पट झाले. हे समस्थानिक पुढे समुद्रात किती खोल उतरले, याची व्यापक मोजणी १९७० च्या दशकातील जागतिक सागरी सर्वेक्षणात झाली. विनाशाच्या चाचण्यांनी अशा प्रकारे सागरविज्ञानाला एक मोजपट्टी दिली, हे या शतकाआधीच्या इतिहासातील एक विचित्र सत्य आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू. शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत एकेकाळी सर्रास वापरले जाणारे हे वायू १९३० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. निसर्गात त्यांचा उगम नाही. समुद्रात ते विरघळतात, पण प्लवक त्यांना खात नाहीत. पाण्यात हे वायू सापडले, की ते पाणी गेल्या काही दशकांत हवेच्या संपर्कात आले होते हे निश्चित होते. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ च्या माँट्रिऑल कराराने त्यांच्यावर निर्बंध आले, परंतु तोवर समुद्रात उतरलेला साठा प्रतिरूपांच्या परीक्षेस उपयोगी पडला.

१९ प्रतिरूपांची परीक्षा

१९९५ च्या सुमारास महासागरी कार्बनचक्राच्या प्रतिरूपांची परस्परांशी तुलना करण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. सर्व गटांना समान अटी घालून देण्यात आल्या. १९९० च्या दशकात जहाजांनी महासागर आडवेउभे ओलांडून घेतलेली कार्बन-१४ व क्लोरोफ्लुरोकार्बनची नवी मोजमापेही हाती आली. कात्सुमी मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मोजमापांच्या कसोटीवर १९ प्रतिरूपे घासून पाहिली. केवळ सुमारे एक चतुर्थांश प्रतिरूपे कसोटीस उतरली.

या निष्कर्षाचा बोध दुहेरी होता. सर्व प्रतिरूपांच्या उत्तरांची सरसकट सरासरी काढून ‘हेच आजचे शास्त्र’ असे म्हणणे धोक्याचे आहे, ही पहिली गोष्ट. बहुमताने समुद्राचा वेग ठरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, प्रतिरूपे टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नव्हे. कोणते प्रतिरूप कोठे चुकते हे कळल्याखेरीज ते सुधारता येत नाही, आणि ही चूक शोधून जाहीर करण्याचे काम प्रतिरूपे वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच केले.

बेरीज जुळते, नोंदी जुळत नाहीत

पंचायतीच्या जमाखर्चात अखेरची शिल्लक बरोबर आली, तरी लेखापरीक्षक तेवढ्यावर समाधान मानत नाही. एका बाबीवरील जादा रक्कम दुसऱ्या बाबीवरील तुटीने झाकली गेलेली असू शकते. महासागरी प्रतिरूपांतही असेच घडते. संपूर्ण समुद्राने वर्षात घेतलेला कार्बन मोजमापाशी जुळतो, पण एका महासागरात तो जास्त व दुसऱ्यात कमी धरलेला असतो. किंवा वर्षाची सरासरी बरोबर असते, पण उन्हाळा व हिवाळा यांची अदलाबदल झालेली असते. अशा प्रतिरूपाचे आजचे उत्तर बरोबर असले तरी उद्याचे बरोबर येईल याची हमी नसते, कारण ते चुकीच्या कारणाने बरोबर आलेले असते.

म्हणून एकाच आकड्याऐवजी अनेक बाजूंनी तपासणी होते. पृष्ठभागावरील वायूचा नकाशा जुळतो काय? ऋतुचक्र जुळते काय? खोल पाण्यातील प्राणवायू व फॉस्फेट यांचे प्रमाण जुळते काय? एल निनोच्या वर्षी विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये कार्बनयुक्त खोल पाणी वर येणे मंदावते व समुद्रातून हवेत जाणारा वायू घटतो. हा बदल प्रतिरूप आपण होऊन दाखविते काय? अखेरची कसोटी साठ्याची असते. १८०० ते १९९४ या काळात समुद्रात मानवनिर्मित कार्बनची ११८ अब्ज टनांची भर पडली, असा अंदाज मोजमापांवरून काढण्यात आला. त्यात १९ अब्ज टन इकडेतिकडे होऊ शकतात. पुढे १९९४ ते २००७ या तेरा वर्षांत आणखी सुमारे ३४ अब्ज टनांची भर पडली. हा साठा सर्वत्र सारखा नाही. महासागरांच्या एकूण क्षेत्रफळापैकी केवळ १५ टक्के क्षेत्र असलेल्या उत्तर अटलांटिकमध्ये १९९४ पर्यंतच्या साठ्यापैकी २३ टक्के कार्बन होता. एकूण साठा व त्याची वाटणी या दोन्ही गोष्टी प्रतिरूपाला साधाव्या लागतात.

दक्षिण महासागराचा हिवाळा

सर्वांत अवघड परीक्षा अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात होते. ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडील सागर मानवनिर्मित कार्बनच्या सागरी शोषणात सुमारे ४० टक्के वाटा उचलतो. तथापि, हिवाळ्यात तेथे वादळे, काळोख व हिम यांमुळे जहाजे फारशी फिरकत नाहीत. परिणामी बहुतेक मोजमापे उन्हाळ्यातील होती. वर्षातून एकाच हंगामाची पीक पाहणी करून वर्षभराचे उत्पादन सांगण्यासारखी ही स्थिती होती.

२०१४ पासून या सागरात आपोआप खाली-वर जाणारी व उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी तरंगती यंत्रे मोठ्या संख्येने सोडण्यात आली. पाण्याच्या आम्लतेवरून ती कार्बनचा अंदाज देतात. हिवाळ्यात या सागराचे काही पट्टे अपेक्षेहून अधिक वायू हवेत सोडतात, असे त्यांच्या नोंदींवरून दिसले. मोजपट्टीच अपुरी होती, हे यातून लक्षात आले.

येथे पारखीची दुसरी बाजू पुढे येते. पृष्ठभागावरील मोजमापांवरून काढलेले अंदाज आणि प्रतिरूपांची उत्तरे यांच्यातील अंतर २००० नंतर वाढत गेले. मोजमापे अधिक शोषण दाखवितात, प्रतिरूपे कमी. दोष कोणाचा? पुढील अभ्यासांतून दोहोंकडे बोट दाखविले गेले. प्रतिरूपे सरासरी शोषण कमी धरतात, तर विरळ मोजमापांमधील मोकळ्या जागा गणिताने भरताना वाढीचा वेग फुगतो. परीक्षार्थीबरोबर परीक्षकाचीही परीक्षा घ्यावी लागते, ती अशी.

अरबी समुद्राची नोंद

हा विषय आपल्या किनाऱ्यापासून दूर नाही. समुद्र वायू घेतो असे आपण सर्वसाधारणपणे म्हणतो, पण अरबी समुद्र त्याला अपवाद आहे. गोव्यातील दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत ‘सागर कन्या’ या जहाजावरून निरनिराळ्या ऋतूंत मोजणी केली. मध्य व पूर्व अरबी समुद्र जवळजवळ वर्षभर हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो, असे तीत आढळले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांलगत, तसेच भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत, खोल पाणी वर येते. ते थंड व पोषक असते, त्यामुळे मासळीला उपकारक ठरते, पण त्याचबरोबर ते खोलवर साठलेला कार्बनही वर आणते.

शंभर किलोमीटरच्या चौकटींचे जागतिक प्रतिरूप हा अरुंद किनारी पट्टा नीट पाहू शकत नाही. मोसमी वाऱ्यांचे चित्र चुकले, तर पाणी वर येण्याचे चित्रही चुकते. परक्या समुद्रासाठी बेतलेले ठोकताळे आपल्या समुद्राला लावता येत नाहीत, ते याचसाठी. पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या पृथ्वी-प्रणाली प्रतिरूपाने जागतिक प्रतिरूप-तुलनेच्या सहाव्या फेरीत भाग घेतला. अशी तुलना करणारे ते पहिले भारतीय प्रतिरूप होय. परंतु त्यालाही इतरांप्रमाणेच मोजमापांच्या कसोटीस उतरावे लागते. स्वदेशी असणे ही गुणवत्तेची पावती नव्हे. आपल्या समुद्राकडे लक्षपूर्वक पाहणारे प्रतिरूप आपल्याजवळ आहे, हा त्याचा खरा लाभ.

आपणांस याचे प्रयोजन काय?

समुद्राचा वाटा वर्षाला अर्ध्या अब्ज टनाने जरी चुकला, तरी दशकात ती चूक पाच अब्ज टनांची होते. तापमानवाढ ठरावीक मर्यादेत राखण्यासाठी जगाने आणखी किती इंधन जाळावे, याचा हिशेब त्या प्रमाणात सरकतो. समुद्राने अपेक्षेहून कमी घेतले तर उरलेले हवेत राहील आणि त्याची झळ प्रथम पावसावर अवलंबून असणाऱ्या शेतीला व किनाऱ्यावरील वस्त्यांना लागेल. त्याने अधिक घेतले तरी तो निखळ लाभ नव्हे, कारण पाणी अधिक आम्लधर्मी होऊन शिंपले व प्रवाळ यांना अपाय होतो.

म्हणून वृत्तपत्रात किंवा अहवालात ‘संगणकाच्या अंदाजानुसार’ असे वाचावयास मिळाले, तर तीन प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरेल. हा अंदाज एका प्रतिरूपाचा आहे की अनेकांचा? ती प्रतिरूपे कोणत्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली आहेत? आणि आकड्यासोबत चुकीची मर्यादा दिली आहे काय? शिक्षकांनी हे तीन प्रश्न वर्गात मांडले, तर विद्यार्थ्यांना विज्ञानाची रीत कळेल. आकडा म्हणजे अंतिम सत्य नव्हे आणि अनिश्चितता म्हणजे अज्ञानही नव्हे, हा विवेक त्यातून रुजेल.

शेवटी एका चिंतेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरील कार्बनच्या मोजमापांचा जागतिक संग्रह २०११ पासून सर्वांना खुला आहे, परंतु त्यात दरवर्षी पडणारी नवी भर २०१७ नंतर घटली आहे. संगणक अधिक वेगवान होत असताना समुद्रावर जाऊन पाणी मोजणारे हात कमी होणे हे शुभलक्षण नव्हे. तालुक्याच्या पर्जन्यमापकाजवळ रोज सकाळी जाऊन पावसाची नोंद करणारा कर्मचारी आणि भर समुद्रात डोलणाऱ्या जहाजावर पाण्याचे नमुने घेणारा संशोधक हे एकच काम करीत असतात. त्यांच्या वहीतील प्रामाणिक आकडा नसेल, तर कितीही मोठा संगणक असला तरी त्याचे उत्तर नजर अंदाजच राहील.